चार दिवसांची कारवाई, तेरा महिन्यांचे राजकारण

17 सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की मराठवाड्यात एक मांडणी हमखास ऐकू येते. नांदेडच्या विसावा उद्यानातला कार्यक्रम असो, लातूरची जाहीर सभा असो की एखाद्या महाविद्यालयातले व्याख्यान असो, वक्ता आणि पक्ष बदलतात, मांडणी तीच राहते. हैदराबादच्या निजामाचा प्रश्न सरदार पटेलांना पहिल्या दिवसापासून लष्कराच्या बळावर सोडवायचा होता. पंडित नेहरूंनी त्यांचे हात बांधून ठेवले. शेवटी पटेलांनी नेहरूंना बाजूला सारून फौज घुसवली आणि तेरा महिने चिघळलेला प्रश्न चार-पाच दिवसांत मिटला. यावरून पुढचे सिद्धांत निघतात. वाटाघाटी हा वेळेचा अपव्यय असतो. काश्मीरही असेच सुटले असते. युद्धाला तयार असतो तो राष्ट्रवादी, आणि करार, संयम, संयुक्त राष्ट्रसंघ असले शब्द ज्याच्या तोंडी येतात तो एकतर भित्रा किंवा फितूर.

हा शेवटचा सिद्धांत इतिहासापुरता राहिलेला नाही. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला 26 माणसे मारली गेली, मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झाले आणि 10 मे रोजी शस्त्रसंधी जाहीर झाली. ती जाहीर करणारे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यावर आणि त्यांच्या कुटुंबावर समाजमाध्यमांतून शिव्यांचा भडिमार झाला. सरकार हिंदुत्ववादी पक्षाचे, निर्णय त्या सरकारचा; पण तो सांगणारा अधिकारी एका रात्रीत देशद्रोही ठरला. हा भडिमार करणाऱ्या अनेकांची इतिहासाची समज हैदराबादच्या या कथेवर पोसलेली आहे. म्हणून ही कथा तपासणे, विशेषतः जिथे ती घडली त्या भूमीतल्या माणसांनी तपासणे, मला आवश्यक वाटते.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. या पूर्वपक्षात तथ्य नाही असे नाही. पटेलांची निर्धारशक्ती निर्विवाद आहे. हैदराबादला आणखी मुदत देण्याबाबत पटेल आणि नेहरू यांच्यात मतभेद होते, आणि दिल्लीतल्या बैठकांत आवाज चढले होते, हेही नाकारता येत नाही. भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादेत राहिलेले कन्हैयालाल मुनशी दिल्लीच्या दिरंगाईने वैतागले होते आणि तो वैताग त्यांनी पुढे लिहून ठेवला. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकार स्वयंसेवकांचे अत्याचार ही कोणाची कल्पना नाही. नांदेड, परभणी, उस्मानाबाद, बीदर या भागात क्वचितच असे गाव असेल की जिथे रझाकारीची आठवण घराघरात नाही. काश्मीरचा प्रश्न 1 जानेवारी 1948 रोजी संयुक्त राष्ट्रसंघात नेण्याचा निर्णय भारताला जड गेला, असे म्हणणाऱ्यांत अनेक जाणती माणसे आहेत. एवढे सगळे मान्य केले तरी वरची मांडणी उभी राहत नाही.

पहिली गोष्ट पटेलांची. 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजामाशी एक वर्षाचा जैसे थे करार झाला. संस्थान खाते पटेलांकडे होते आणि करार त्यांच्या संमतीने झाला. त्यात सामीलनामा नव्हता. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण या विषयांत ब्रिटिशांशी असलेली व्यवस्था पुढे चालू ठेवण्यापुरताच तो होता. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना हा करार म्हणजे पाठीत सुरा वाटला. त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा निजामाच्या तुरुंगात होते. सुटल्यावर काही आठवड्यांतच त्यांना पुन्हा पकडण्यात आले. पोलादी पुरुषाने तलवार उपसण्याआधी शाई वापरली, आणि तीही वर्षभरासाठी.

याहून बोलका प्रसंग जून 1948 चा आहे. मार्चमध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर पटेल देहरादूनला विश्रांती घेत होते. माउंटबॅटन भारत सोडायला निघाले होते आणि जाण्याआधी हैदराबादचा तंटा मिटवण्याची त्यांची खटपट चालू होती. त्यांनी एक मसुदा पटेलांपुढे ठेवला. त्यात तातडीच्या विलीनीकरणाची अट नव्हती. निजामाची फौज मर्यादित संख्येत राहणार होती, रझाकार टप्प्याटप्प्याने बरखास्त व्हायचे होते आणि सामील होण्याचा प्रश्न जनमतावर सोडला जाणार होता. पटेलांनी आधी नकार दिला. नंतर, जाणाऱ्या गव्हर्नर जनरलचा मान राखायचा म्हणून, त्यांनी त्याला मान्यता दिली. संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावर लिहिलेल्या ग्रंथात या वाटाघाटींची तपशीलवार हकिगत आहे. त्या दिवशी निजामाने होकार दिला असता तर हैदराबाद आणखी कित्येक वर्षे अर्धस्वतंत्र राहिले असते आणि त्या कागदावर पटेलांची संमती असती. मसुदा मोडला निजामाने. आज जो मनुष्य अशा मसुद्याला संमती देईल त्याची आपल्या समाजमाध्यमांवर काय गत होईल, याचा विचार पटेलांच्या नावाने भाषणे करणाऱ्यांनी करावा.

दुसरी गोष्ट नेहरूंची. 7 सप्टेंबर 1948 रोजी संविधान सभेत हैदराबादवर निर्णायक निवेदन केले ते नेहरूंनी. रझाकार संघटना तत्काळ बरखास्त करा आणि भारतीय फौजा सिकंदराबादला परत येऊ द्या, ही मागणी त्यांनी देशापुढे ठेवली. त्यानंतर सहा दिवसांनी, 13 सप्टेंबरला, सोलापूरच्या बाजूने फौजा निघाल्या आणि त्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. तेव्हा पंतप्रधान नेहरू होते, संरक्षण मंत्री बलदेवसिंग होते, मंत्रिमंडळात श्यामाप्रसाद मुखर्जी होते, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी होते. पंतप्रधानाला डावलून एवढी मोठी लष्करी कारवाई करता येईल अशी राज्यव्यवस्था त्या वेळी नव्हती, आजही नाही. वाद होता तो वेळेचा आणि परिणामांचा. फौजेचा मोठा भाग ऑक्टोबर 1947 पासून काश्मीरमध्ये अडकलेला होता. लष्करप्रमुख जनरल बुचर इंग्रज होते आणि दोन आघाड्या एकदम उघडायला ते कचरत होते. फाळणीच्या दंगली नुकत्याच शमल्या होत्या. अशा वेळी एका मंत्र्याने आता पुरे म्हणावे आणि दुसऱ्याने परिणामांची यादी पुढे ठेवावी, ही राज्यकारभाराची प्रकृत अवस्था आहे. त्यातल्या एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला भ्याड ठरवले की आपण राज्यकारभार समजून घेण्याची कुवतच गमावून बसतो.

आता चार दिवसांविषयी. 17 सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सेनापती अल् इद्रूस यांनी जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली, हे सर्वांना ठाऊक आहे. एवढ्या कमी वेळात हे का घडले याचे उत्तर मात्र रणगाड्यांच्या संख्येत शोधले जाते. संस्थान लहान नव्हते. 82 हजार चौरस मैलांचा मुलूख, दीड कोटीहून अधिक लोकवस्ती, सोळा जिल्हे, स्वतःचे चलन, स्वतःची रेल्वे आणि वीस हजारांच्या घरात नियमित फौज. असे राज्य चार दिवसांत कोसळते तेव्हा ते आधीच आतून पोकळ झालेले असते. ते पोकळ केले तेरा महिन्यांनी, आणि खरे तर त्याआधीच्या दहा वर्षांनी.

1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. 1938 मध्ये वंदे मातरमच्या चळवळीत उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकलेली मुले नागपूर विद्यापीठात शिकायला गेली, पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातले एक. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला. 1946 साली अर्जापूरजवळ बिलोलीच्या गोविंदराव पानसऱ्यांची हत्या झाली. स्वातंत्र्यानंतर संस्थानाच्या सीमेभोवती कॅम्प उभे राहिले. आपल्या नांदेडच्या शेजारी उमरखेडला होता, खाली बार्शी-सोलापूरकडे होते. करोडगिरी नाके जाळले गेले, शिंदीची झाडे तोडून निजामाचा महसूल बुडवला गेला, तारा तोडल्या गेल्या. 30 जानेवारी 1948 रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरीची बँक सशस्त्र कार्यकर्त्यांनी लुटली आणि तो पैसा लढ्यासाठी नेला. सरकारी वसुली गावोगाव थांबली. ज्या राज्याला आपल्या मुलखात कर गोळा करता येत नाही त्याची फौज कितीही असो, ती टिकत नाही.

बाहेरची बाजू याहून महत्त्वाची, आणि तिच्याकडे मराठीत फारच कमी लक्ष गेले आहे. हैदराबादने स्वातंत्र्याचा दावा जगापुढे नेण्याचा कसून प्रयत्न केला. भारत सरकारच्या वीस कोटी रुपयांच्या रोख्यांचे कर्ज पाकिस्तानला देऊ केले. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमाने आणून बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवत होता. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेला आली तेव्हा भारताची बाजू रामस्वामी मुदलियार यांनी मांडली. भारताचे म्हणणे ठाम होते : हैदराबाद कधीच सार्वभौम नव्हते, हा देशांतर्गत व्यवहार आहे. हे म्हणणे पॅरिसमध्ये टिकले, कारण तेरा महिने भारताने ते कागदोपत्री सांभाळले होते. जैसे थे करारात संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार भारताकडे होते; तो करार हैदराबादने मोडल्याचे पुरावे साठले होते; उदार अटींचा मसुदा निजामाने फेटाळला होता. काही दिवसांत निजामाने तक्रार मागे घेतली. नंतर चर्चा झाल्या, पण सुरक्षा परिषदेने हैदराबादवर ठराव केला नाही. ऑगस्ट 1947 मध्येच फौज घुसवली असती तर भारताकडे यांपैकी एकही कागद नसता.

म्हणून युद्ध आणि वाटाघाटी यांना परस्परविरोधी मानणे चूक आहे. या प्रकरणात वाटाघाटींनीच कारवाईला अधिकार मिळवून दिला आणि कारवाईने वाटाघाटींचा शेवट केला. दोन्ही एकाच राज्यकर्त्या वर्गाने, आपापसांत भांडत, केले.

पण मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की थांबण्याची किंमत मोठी होती आणि ती दिल्लीने दिली नाही, मराठवाड्याने दिली. डिसेंबर 1947 पासून सप्टेंबर 1948 पर्यंत रझाकारांना मोकळे रान मिळाले. गावे लुटली गेली, घरे पेटली, बायाबापड्यांना सीमा ओलांडून परक्या जिल्ह्यांत आसरा घ्यावा लागला. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीत लोकांनी रझाकारांशी झुंज देऊन प्राण दिले. बीदरकडे गोरटा गावात हत्याकांड झाले. या माणसांच्या नातवंडांना तेरा महिन्यांच्या मुत्सद्देगिरीचे कौतुक सांगताना जीभ अडखळली पाहिजे. पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे. याला माझे उत्तर इतकेच की संयमाची किंमत मोजली पाहिजे तशी घाईचीही मोजली पाहिजे, आणि घाईची किंमत मोजायला आपल्याला कल्पना लढवावी लागत नाही. युद्धाची भाषा हीच निष्ठेची कसोटी मानणारा एक पक्ष 1948 साली सत्तेवर होताच. तो हैदराबादेत होता आणि त्याचा नेता लातूरचा वकील होता.

हा वकील, कासिम रझवी, इत्तेहाद-उल-मुसलमीनचा अध्यक्ष झाला तेव्हा निजामाच्या दरबारात जुन्या वळणाचे, सावध, परंपरानिष्ठ लोक होते. मिर्झा इस्माईल दिवाण होते. त्यांना दिल्लीशी तडजोड हवी होती. इत्तेहादने त्यांच्याविरुद्ध काहूर उठवले आणि 1947 मध्ये ते गेले. मग छत्तारीचे नवाब आले. निजामाचा कायदेशीर सल्लागार वॉल्टर मॉन्क्टन हा विलायतेतला नामांकित वकील. त्यानेही करार करण्याचाच सल्ला दिला. 27 ऑक्टोबर 1947 च्या पहाटे छत्तारी आणि मॉन्क्टन यांच्या शिष्टमंडळाला करार घेऊन दिल्लीला जायचे होते. इत्तेहादच्या हजारोंच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला आणि त्यांना निघू दिले नाही. छत्तारींनी राजीनामा दिला, मॉन्क्टनने हात झटकले. पंतप्रधान म्हणून लायक अली आले आणि राज्याची सूत्रे प्रत्यक्षात रझवीच्या हाती गेली. तेव्हापासून हैदराबादेत तडजोड सुचवणारा मुसलमान हा कौमचा गद्दार ठरू लागला. ऑगस्ट 1948 मध्ये काही वजनदार मुस्लिम गृहस्थांनी भारतात सामील व्हावे असे निवेदन काढले. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी ही बाजू निर्भयपणे मांडली. 21 ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी जाताना त्यांना रस्त्यात गाठून गोळ्या घालण्यात आल्या आणि त्यांचा हात तोडण्यात आला.

हे सगळे मी यासाठी सांगतो की आज संयमाला फितुरी म्हणणाऱ्यांनी आपला पूर्वज कोण हे ओळखावे. तो पटेल नव्हे. पटेलांनी निजामाला हरवल्यावर अपमानित केले नाही. फेब्रुवारी 1949 मध्ये पटेल हैदराबादला गेले तेव्हा बेगमपेठच्या विमानतळावर निजाम त्यांच्या स्वागताला आला, पटेलांनी त्याला नमस्कार केला, आणि 26 जानेवारी 1950 पासून तोच निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. 1956 पर्यंत तो त्या पदावर होता. आपल्याकडच्या अनेक सेनानींना हे रुचले नाही आणि न रुचण्याला त्यांच्याजवळ सबळ कारणे होती. पण पटेलांची दृष्टी स्पष्ट होती : कारवाईचे प्रयोजन संपले की सूडाला राज्यकारभारात जागा नाही. उलट विजयाच्या घोषणांवर एक आख्खे संस्थान पेटवून देणारा रझवी तुरुंगातून 1957 मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या भाषणांची किंमत भरायला त्याचे लोक मागे राहिले होते.

ती किंमत काय होती हे 17 सप्टेंबरच्या भाषणांत येत नाही. कारवाईनंतर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची सदिच्छा समिती भारत सरकारच्या वतीने संस्थानात फिरली. तिने मृतांची संख्या 27 ते 40 हजारांच्या दरम्यान धरली आणि सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे दिली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तिथे वीसहून अधिक दिवस कत्तल चालली असे अहवालात आहे. लष्करी अधिकाऱ्यांच्या शिस्तीची समितीने प्रशंसा केली. काही ठिकाणी जवान आणि पोलीस लुटीत सामील झाल्याचेही लिहिले. रझाकारांचे अत्याचार तिने लपवले नाहीत, आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना घरात लपवणाऱ्या हिंदूंची नोंदही केली. पटेलांना हे निष्कर्ष मान्य नव्हते. अहवाल अनेक दशके जनतेपुढे आला नाही. आकड्यावर आजही वाद आहे आणि तो व्हावा. पण नांदेड-लातूरच्या जुन्या माणसांना विचारले तर आकड्याशिवायही ते सांगतात की त्या दिवसांत काय झाले होते. रझाकारांनी मारलेल्यांची नावे आपण स्मारकांवर कोरली, ते योग्यच केले. रझाकार पळून गेल्यावर मारल्या गेलेल्या, रझाकार नसलेल्या कारागिरांची, मजुरांची नावे कुठेच नाहीत. चार दिवसांत प्रश्न मिटला असे जो म्हणतो त्याने पाचव्या दिवसापासूनचा हिशेब दिला पाहिजे.

लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा होता, हा दावाही येथेच तपासून टाकू. निजामाची राजवट धर्मभेदावर उभी होती आणि 1939 चा आर्य समाजाचा सत्याग्रह ही त्या भेदाविरुद्धची न्याय्य लढाई होती. तिला कमी लेखणारे डावे लेखकही चूक करतात. पण माणसांच्या बाजू धर्माने ठरल्या नव्हत्या. लायक अलींच्या मंत्रिमंडळात पिंगळी व्यंकटराम रेड्डी उपपंतप्रधान होते आणि दलित नेते बी. एस. व्यंकटराव मंत्री होते. पॅरिसला निजामाच्या शिष्टमंडळात दुसरे दलित नेते श्यामसुंदर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना नोव्हेंबर 1947 मध्ये, अनुसूचित जातींनी निजामाची बाजू घेऊ नये, असे जाहीर निवेदन काढावे लागले. उलट बाजूला शोएबुल्ला खान होते, कम्युनिस्टांत मखदूम मोहिउद्दीन होते. स्टेट काँग्रेसमध्येच स्वामी रामानंद तीर्थांचा जहाल गट आणि बुरगुल रामकृष्ण राव यांचा मवाळ गट यांचे पटत नव्हते. ही लढाई लोकांच्या राज्यासाठी होती असे स्वामीजी शेवटपर्यंत मानत आले. ज्यांच्या नावाने नांदेडला विद्यापीठ आहे त्यांच्या या भूमिकेला त्यांच्याच भूमीत धर्मयुद्धाचे रूप देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

काश्मीरबद्दल थोडक्यात. हैदराबाद चारही बाजूंनी भारताने वेढलेले होते. त्याला समुद्र नव्हता, पाकिस्तानशी सीमा नव्हती. मदतीला येईल असा जिना 11 सप्टेंबरला निवर्तला. काश्मीरची सीमा पाकिस्तानला भिडलेली होती, तिथे पोचायला पठाणकोटवरून एक कच्चा रस्ता होता, हिवाळ्यात बर्फ होते आणि समोर पाकिस्तानी फौजेचा वाढता सहभाग होता. भूगोल न पाहता जो एका ठिकाणचा उपाय दुसरीकडे सांगतो त्याला लष्करी इतिहास शिकवण्यात अर्थ नाही. त्याने आधी नकाशा पाहावा.

राहिला प्रश्न अस्मितेचा. युद्धखोरी ही हिंदुत्ववादी विचाराची सनातन खूण आहे, असे त्याचे विरोधक आणि समर्थक दोघेही मानतात. दोघेही चुकतात. दुसऱ्या महायुद्धात सावरकरांनी हिंदू तरुणांना फौजेत भरती व्हा असे सांगितले ते ब्रिटिशांच्या फौजेत. शस्त्रविद्या हाती यावी हा त्यांचा हिशेब होता आणि तो हिशेब म्हणूनच मांडला गेला. त्याच सावरकरांनी जून 1947 मध्ये त्रावणकोरच्या दिवाणांनी केलेल्या स्वातंत्र्याच्या घोषणेला पाठिंबा दिला. अखंड हिंदुस्थानचा पुरस्कर्ता एका हिंदू संस्थानाला स्वतंत्र राहा म्हणतो, हे आजच्या अस्मितेच्या चौकटीत बसत नाही. जनसंघाने 1966 च्या ताश्कंद कराराला विरोध केला. त्याच परंपरेतले अटलबिहारी वाजपेयी फेब्रुवारी 1999 मध्ये बसने लाहोरला गेले. त्यानंतर काही महिन्यांत कारगिलचे युद्ध झाले तेव्हा, जवान पडत असतानाही, त्यांनी नियंत्रण रेषा ओलांडू दिली नाही. त्या संयमामुळे जगाने पाकिस्तानला माघार घ्यायला लावले. 2003 मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारतीय फौज मागितली. मंत्रिमंडळात आणि पक्षात ती द्यावी असे म्हणणारे होते. जुलैमध्ये वाजपेयींनी नकार दिला. पुढच्या वर्षांत इराकचे जे झाले ते पाहता आपल्या किती घरांची राखरांगोळी त्या एका नकाराने टळली असेल! या माणसाला कोणी भित्रा म्हणणार असेल तर त्याने पोखरणचेही स्मरण ठेवावे.

परंपरा जपणे, राज्यसंस्था टिकवणे, प्रजेचे रक्षण करणे हा रूढीप्रिय राजकारणाचा गाभा आहे. त्या गाभ्याशी इमानदार असलेला मनुष्य युद्धाला कधी होकार देईल, कधी नकार देईल; दोन्ही वेळा तो परिणाम मोजून बोलेल. ज्याला प्रत्येक युद्ध हवे असते त्याला जपायचे असे काहीच उरलेले नसते. त्याला फक्त ओरडायचे असते, आणि ओरडण्यातून मिळणारी ओळख हीच त्याची सगळी पुंजी असते. परराष्ट्र धोरणावरच्या मतभेदाला निष्ठेचा प्रश्न बनवणे ही राष्ट्राच्या बुद्धीवर घातलेली बंदी आहे. हैदराबादने 1947 च्या त्या पहाटे, घरांना वेढा घालून, अशीच बंदी घातली आणि अकरा महिन्यांनी ते राज्य उरले नाही.

म्हणून माझी विनंती 17 सप्टेंबरचे कार्यक्रम आखणाऱ्यांना आणि मराठवाड्यातल्या इतिहासाच्या शिक्षकांना आहे. नळदुर्गच्या विजयाबरोबर देहरादूनचा मसुदा शिकवा, पॅरिसची सुनावणी शिकवा. गोविंदराव पानसऱ्यांच्या शेजारी शोएबुल्ला खानांचा फोटो लावा. दोघांनाही एकाच राजवटीने मारले. सुंदरलाल समितीचा अहवाल आता वाचायला मिळतो, तो महाविद्यालयात मुलांसमोर ठेवा आणि त्यातले जे खोटे वाटेल ते पुराव्याने खोडून काढा. आणि गावोगाव जाऊन दोन्ही याद्या करा : 17 सप्टेंबरच्या आधी मारल्या गेलेल्यांची आणि नंतर मारल्या गेलेल्यांची. त्या वर्षी दहा-बारा वर्षांची असलेली माणसे आज नव्वदीला टेकली आहेत. हे काम शतक महोत्सवापर्यंत थांबणारे नाही. ते याच वर्षी सुरू झाले पाहिजे.